पोटरीतली गाठ आणि सुटलेला खेळ

रक्ताच्या गाठी होऊन गेलेल्या पेशंट्सचा आमचा एक ग्रुप आहे. त्यातल्या एका मराठी बाई मला म्हणाल्या, "तू लिही रे. तरुण आहेस, खेळाडू आहेस, यातून उठलास. वाचून लोकांना धीर येईल."

उठलो, हे खरं. धीर येईल का, ते मला सांगता येत नाही. मी अजून चिडलेला आहे आणि लिहिताना ते लपवणार नाही. पण कुणी हे अर्ध्यात सोडून दिलं तरी एक गोष्ट पोचायला हवी, म्हणून ती आधीच सांगतो. एकाच पायाची पोटरी दुखत असेल, सुजली असेल आणि जिना चढताना दम लागत असेल, तर ती कुणाला चोळायला देऊ नका. ट्रेनर, फिजिओ, मित्र, कुणालाही विचारत बसू नका. सरळ हॉस्पिटल गाठा.

बाकी सगळं माझं रडगाणं आहे. वाचलंत तर वाचा.

गोल किती केलेस?

माझं नाव ओंकार पाटणकर. लहानपणी चिपळूणहून आईबाबांबरोबर शारजाला आलो. बाबा अल कुसैसमधल्या एका फॅक्टरीत सुपरवायझर, घर अल नहदाला, दुबई-शारजा सीमेच्या शारजाकडच्या बाजूला. शाळेत सगळे क्रिकेट खेळायचे, मीही खेळायचो. एकदा सीमारेषेवर धावत जाऊन, पाठमोरा असताना, एका हातात मी एक कॅच पकडला. आमचे पीटीचे सर अमेरिकन होते. मॅच संपल्यावर त्यांनी माझ्या हातात लांबुळका, दोन्ही टोकांना निमुळता चेंडू दिला आणि म्हणाले, "रन." मी धावलो. त्यांनी फेकला. मी पकडला. त्यानंतर क्रिकेट संपलंच.

अमेरिकन फुटबॉलमध्ये माझी जागा वाइड रिसीव्हरची. मैदानाच्या कडेला उभं राहायचं, इशारा झाला की सुसाट सुटायचं, ठरलेल्या जागी अचानक वळायचं आणि आपल्या क्वार्टरबॅकने फेकलेला चेंडू हवेतून काढायचा. समोरच्या संघाचे लोक तेवढ्यात तुम्हाला आडवं करायला निघालेले असतात. कडेने पळणं कुणालाही जमतं. खरा रिसीव्हर कळतो तो मैदानाच्या मध्यातून जाताना. तिथे चेंडू आणि माणूस एकाच वेळी येतात. माणूस येतोय हे ठाऊक असतं, त्याचे पाय ऐकू येतात, आणि तरी डोळे चेंडूवरच ठेवावे लागतात. ते मला जमायचं. मला त्याचा माज होता म्हणा ना.

दुबईत हौशी क्लबमध्ये खेळलो. मग जर्मनीतल्या एका छोट्या गावच्या क्लबने बोलावलं, तिथे दोन सीझन काढले. नंतर इकडे चार संघांची व्यावसायिक लीग सुरू झाली आणि मला करार मिळाला. स्टेडियममध्ये माझं आडनाव 'पॅटनकार' असं घुमायचं. चिपळूणला फोन केला की आत्या विचारायची, "या खेपेला गोल किती केलेस?" मी म्हणायचो, "तीन." ती खूश व्हायची.

बाबा खूश नव्हते. "हाडं मोडून घ्यायचे पगार देतात होय तुम्हाला?" एवढंच म्हणायचे आणि पेपर उघडायचे. माझी बायको गौरी शाळेत शिकवते. तिला मी खेळायला लागल्यावरच भेटलो, त्यामुळे तिची तक्रार नव्हती, असं मी धरून चाललो होतो.

पोटरी

त्या हिवाळ्यात अमेरिकेतल्या एका मोठ्या लीगच्या संघाने मला चाचणीला बोलावलं. मी चांगला पळालो. त्यांचा माणूस म्हणाला, "उन्हाळ्याच्या कॅम्पला ये, तिथे बघू." ज्या रिसीव्हरला हे ऐकायला मिळतं त्याला आणखी काही नको असतं. परतीच्या विमानात मी खिडकीपाशी बसलो होतो. शेजारचे दोघे झोपलेले, त्यांना उठवायचं कशाला, म्हणून जागचा हललोच नाही. मी आनंदात होतो.

दुबईला उतरलो तेव्हा डाव्या पोटरीत गोळा आल्यासारखं वाटत होतं. संघाच्या फिजिओने दाबून बघितलं. "काफ स्ट्रेन, पोटरीचा स्नायू ताणलाय. लांबचा प्रवास, थकवा." त्याने टेबलावर घेतलं आणि कोपर लावून पोटरी रगडली. रोज रगडायचा. मी दात आवळून पडायचो आणि त्याला थँक यू म्हणायचो.

आठवडाभरात धावताना दम लागायला लागला. आमचा कोच ब्रायन शिट्टी वाजवत ओरडला, "पॅटनकार! अमेरिकेला जाऊन बर्गर खाऊन आलास का?" सगळे हसले. मीही हसलो. फायनल तोंडावर होती. मलाही तेच वाटलं, की स्टॅमिना गेला. म्हणून मी आणखी पळालो.

फायनल मी खेळलो. दुसऱ्या क्वार्टरमध्ये मध्यातून जाणारा एक पास पकडला, मार खाल्ला, उठलो आणि बाजूला येऊन बसलो. हेल्मेट काढलं तरी हवा आत जाईना. छातीत उजवीकडे सुरी फिरवल्यासारखं व्हायला लागलं. तारिक, आमच्या बचावफळीतला लेबनीज, माझा या संघातला जवळचा दोस्त. तो समोर येऊन वाकला आणि त्याच्या चेहऱ्यावरून मला कळलं की मी कसा दिसत असणार.

"हबीबी, तुझे ओठ निळे झालेत," तो म्हणाला.

फॅमिलीत सगळे स्ट्राँग

पोटरीत रक्ताची गाठ झाली होती. तिचे तुकडे सुटून दोन्ही फुप्फुसांत गेले होते. डॉक्टर हनान इजिप्तच्या. स्कॅन बघून आल्या आणि खुर्ची ओढून माझ्या डोक्याशी बसल्या. डॉक्टर खुर्ची ओढून बसले की समजून जावं.

"पाय कुणी चोळला होता?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. त्यांनी डोळे मिटले आणि उघडले. फिजिओबद्दल त्या एक शब्द बोलल्या नाहीत. नंतर क्लबमधलंही कुणी बोललं नाही. तो माणूस आजही त्याच टेबलाशी उभा असतो.

मग त्यांनी बाबांना विचारलं, "घरात कुणाला असा त्रास? कुणी तरुण वयात अचानक गेलं?"

"नो, डॉक्टर," बाबा म्हणाले. "आमच्या फॅमिलीत सगळे स्ट्राँग."

आई बाबांकडे बघत होती. मला ऑक्सिजन लावलेला होता. मी त्या बघण्याचा विचार केला नाही.

शायनी सिस्टर

आयसीयूत भीती वाटते ती मरणाची नव्हे. मला तरी नाही वाटली. भीती वाटायची ती पाय हलवायची. जो पाय माझं सगळं भांडवल होता, त्याच्याकडे मी कुणीतरी पिन काढून ठेवलेल्या बॉम्बकडे बघावं तसा बघायचो. कूस बदलली तर? खोकलो तर? आणखी एक तुकडा सुटला तर? शौचाला जोर करायची भीती. हेही लिहितो, कारण कुणीच लिहीत नाही.

दिवस ठरलेला असायचा. रक्त काढायला येणार, मग पोटात इंजेक्शन, मग शिजवलेल्या भाज्या, मग परत रक्त. पोट निळंजांभळं झालं होतं. शायनी सिस्टर केरळच्या. त्यांचं हिंदी आणि माझं हिंदी सारखंच मोडकं, त्यामुळे आमचं जमलं. एकदा त्यांनी विचारलं, "आप क्या खेलता है?" मी मोबाइलवर एक जुनी प्रॅक्टिस दाखवली. तारिक मला उचलून आपटतो ती.

"अय्यो! ये आदमी आपको क्यों मार रहा है?"

"ये मेरा दोस्त है, सिस्टर."

त्यांनी तो व्हिडिओ परत लावला. मग आणखी दोघी सिस्टर्सना बोलावून दाखवला. तिघी कपाळाला हात लावून हसल्या. त्या हॉस्पिटलात मला पेशंट सोडून आणखी काहीतरी समजलं गेलं, ते तेवढ्या पाच मिनिटांपुरतं. त्याबद्दल मी शायनी सिस्टरांचा ऋणी आहे. इंजेक्शन देताना त्या आधी स्वतःचे हात एकमेकांवर चोळून गरम करायच्या, तेही विसरलो नाही.

क्लबचे लोक आले. फोटोग्राफर घेऊन आले. पांघरुणावर माझी जर्सी पसरली, अंगठा वर करायला सांगितलं, केला. तो फोटो खूप ठिकाणी फिरला. खाली लोकांनी वाघ वगैरे लिहिलं. ब्रायन जाताना खांद्यावर थोपटून म्हणाला, "तुझी जागा कुठे जात नाही." माझी मुलगी इरा तेव्हा चार वर्षांची होती. तिने मला नंतर विचारलं, "बाबा, व्हाय डिड यू स्माइल? यू आर सिक."

उन्हाळ्याचा कॅम्प माझ्याशिवाय झाला.

सुट्टी

सहा महिने रक्त पातळ करायच्या गोळ्या होत्या. अंगाला काही लागू द्यायचं नाही, आत रक्तस्राव झाला तर थांबणार नाही, अशी ताकीद होती. मग पुन्हा तपासण्या झाल्या आणि डॉक्टर हनान म्हणाल्या, "लांबचा प्रवास, पायाचं दुखणं, कारण समजलंय. गोळ्या थांबवू. जा, खेळ, इन्शाल्ला."

मी त्यांच्या टेबलापाशीच रडलो. गौरी शेजारी होती. ती रडली नाही.

मी परत सुरुवात केली. भर उन्हाळ्यात इथे बाहेर पळता येत नाही, म्हणून बंद हॉलमध्ये पळालो, बिल्डिंगच्या जिन्यांवर पळालो. अमेरिकेच्या त्या माणसाला कळवलं. तो म्हणाला, वसंतात परत ये, बघू. सीझन सुरू झाला. पहिल्या सामन्यात मला हलके पास दिले. दुसऱ्या सामन्यात मी ब्रायनला म्हणालो, "मध्यातून पाठव." त्याने पाठवलं. चेंडू जरा मागे आला, मी अंग वळवून तो बोटांच्या टोकांवर घेतला, आणि त्याच क्षणी बरगड्यांत हेल्मेट बसलं. मी खाली पडलो, चेंडू छातीशी होता. वर बघितलं तर दिवे होते आणि श्वास चालू होता. कधीकधी वाटतं, तेव्हाच कुणीतरी शिट्टी वाजवून सगळं थांबवायला हवं होतं.

पुन्हा

दुसऱ्या वेळी काही कारणच नव्हतं. विमान नाही, मार नाही. स्वयंपाकघरात इराचा डबा भरत होतो आणि डावी पोटरी ओढल्यासारखी झाली. खाली बघितलं. पाय दुसऱ्यापेक्षा जाड दिसत होता. मी डबा बंद केला, इराला बसमध्ये बसवलं आणि गौरीला फोन केला.

ती म्हणाली, "परत?"

मी म्हणालो, "परत."

या वेळी गाठ पायातच सापडली, फुप्फुसापर्यंत गेली नव्हती. सगळे म्हणाले नशीब. डॉक्टर हनान खुर्ची ओढून बसल्या.

"आता गोळ्या कायमच्या. आणि हा खेळ खलास, ओंकार. मला माफ कर."

मी वाद घातला. मॅचच्या दिवशी गोळी नाही घेतली तर? त्यांनी शांतपणे विचारलं, "आणि त्याच दिवशी गाठ झाली तर? आणि गोळी अंगात असताना एखाद्याचं हेल्मेट तुझ्या पोटात बसलं तर? डोक्याला लागलं तर? मला सांग, यातलं काय निवडू तुझ्यासाठी?" मी मुंबईच्या एका मोठ्या डॉक्टरांना व्हिडिओवर दाखवलं. त्यांनीही तेच सांगितलं, फक्त जास्त घाईत.

मग डॉक्टर हनान बाबांकडे वळल्या. "मी मागेही विचारलं होतं. घरात कुणीच नाही?"

बाबांनी मान हलवली. आई भिंतीला टेकून उभी होती. ती मराठीत म्हणाली, "धनाभावजींचं सांगा."

"त्याचा काय संबंध? त्याला हार्ट अटॅक आला होता."

"सांगा तर खरं."

धनंजयकाका, बाबांचा धाकटा भाऊ. खोर फक्कानच्या बंदरावर क्रेन चालवायचा. मी फार लहान असताना तो ड्यूटीवरून खोलीवर आला, पाय दुखतोय म्हणाला आणि जेवताना कोसळला. तिशीतला होता. कुणी तपासलं नाही. मृतदेह चिपळूणला न्यायचा होता, त्यातच सगळ्यांची धावपळ झाली. हार्ट अटॅक म्हटलं गेलं आणि घरात तेच राहिलं.

माझं आणि बाबांचं रक्त तपासलं. रक्त गोठायची ही खोड माझ्यात बाबांकडून आली होती. काकातही तीच असणार.

"मग मला का नाही झालं?" बाबा डॉक्टरांना विचारत राहिले. "मी साठीचा आहे. मला काही झालं नाही. मला का नाही झालं?"

डॉक्टर म्हणाल्या, कुणाला होतं, कुणाला नाही. याला उत्तर नसतं.

पार्किंगमध्ये मी त्यांना बोललो. "पहिल्या वेळी सांगितलं असतंत तर गोळ्या बंदच केल्या नसत्या. मी परत आशेला लागलो नसतो." ज्या माणसाने आयुष्यभर मला प्रत्येक गोष्टीत उलट उत्तर दिलं, तो गाडीच्या दाराचं हँडल धरून उभा राहिला. आई म्हणाली, "ओंकार, पुरे." मी म्हणालो, "तुलाही माहीत होतं." आम्ही तिघं त्या गाडीतून घरी आलो.

गौरी

घरी आल्यावर काही दिवसांनी मी गौरीला विचारलं, "तुला बरं वाटलं ना? खेळ सुटला म्हणून?"

ती इराच्या कपड्यांच्या घड्या करत होती. "खरं सांगू?"

"सांग."

"हो. बरं वाटलं. प्रत्येक मॅचला मी मोबाइल हातात धरून बसायचे, कारण वाईट बातमी आली तर पहिल्यांदा मला कळावी. तू पकडायचास तेव्हा सगळे उड्या मारायचे. मी तू उठतोस की नाही ते बघायचे. तू उठलास की मग मी टाळ्या वाजवायचे. आता मला ते करायचं नाहीये. मी खोटं बोलू का?"

"नको."

"मग चिडू नकोस."

मी चिडलो. अजूनही थोडा चिडलेला आहे. तिचं बरोबर आहे हे कळतं, म्हणून जास्त.

एकदा इरा सोफ्यावरून माझ्या अंगावर उडी मारायला गेली आणि तिचं डोकं माझ्या ओठावर आपटलं. रक्त थांबेना. टॉवेल भरला. शेवटी थांबलं, मोठं काही नव्हतं. पण तिने ते बघितलं. त्यानंतर कितीतरी दिवस ती माझ्याजवळ येऊन हात मागे बांधून उभी राहायची. "कॅन आय हग यू? ऑर विल यू ब्लीड?"

मी म्हणायचो, "ये, मिठी मार." ती यायची, पण हळू. काचेचं काही धरावं तशी.

आता

क्लबने करार वाढवला नाही. रागावण्यासारखं काही नाही, न खेळणाऱ्याला कोण ठेवेल. माझा जर्सीचा नंबर पुढच्याच सीझनला एका कॅनेडियन मुलाला दिला. अमेरिकेच्या माणसाने सॉरी म्हटलं आणि विषय संपवला. मी अल कुसैसमध्ये खेळाच्या सामानाच्या एका कंपनीत विक्री बघतो. हेल्मेटं विकतो.

तब्येत उत्तम आहे. हेच लोकांना समजत नाही. मी पूर्वीइतकाच जोरात पळतो. हात तेच आहेत. माझ्यात काहीच मोडलेलं नाही, फक्त मला कुणी धक्का मारायचा नाही. आणि धक्क्याशिवाय तो खेळ नसतो. अपंग झालो असतो तर निदान लोकांनी विचारलं नसतं, "मग खेळत का नाहीस?"

ग्रुपमध्ये नवीन येणाऱ्यांना मी सांगतो ते असं: गोळी चुकवू नका. घरातल्या मोठ्यांना बसवून कोण कसं गेलं ते विचारा, ते टाळतील, तरी विचारा. आणि कुणी तुम्हाला वाघ म्हटलं तर लगेच हुरळून जाऊ नका.

मागच्या महिन्यात ब्रायनने फोन केला. नवीन रिसीव्हर्सना रूट, म्हणजे कुठून पळायचं आणि कुठे वळायचं, ते दाखवायला ये, फक्त पळून दाखव, तुला कुणी हात लावणार नाही. मी नाही म्हणणार होतो, पण हो म्हणून बसलो. त्या दिवशी बाबांची गाडी गॅरेजमध्ये होती, त्यांना कामावरून घरी सोडायचं होतं. मी म्हणालो, वाटेत तासभर मैदानावर थांबावं लागेल. "थांबू की," ते म्हणाले. इतक्या वर्षांत ते मैदानावर कधी आले नव्हते. पार्किंगमधल्या त्या दिवसापासून आम्ही कामापुरतंच बोलत होतो.

मला लाल बनियन दिला. लाल म्हणजे याला स्पर्श करायचा नाही. मी कडेचे रूट पळून दाखवले. मग त्या नवीन मुलांना म्हणालो, आता मध्यातून बघा. इशारा झाला, सुटलो, वळलो. चेंडू येत होता. डावीकडून तारिकचे पाय ऐकू आले. ते पाय मी झोपेतही ओळखेन. मी डोळे चेंडूवर ठेवले.

पाय थांबले.

मी चेंडू पकडला. मैदानाच्या मध्यात, सरळ उभा, अंगावर कुणी नाही. वळून बघितलं तर तारिक चार हात अंतरावर दोन्ही तळवे वर करून उभा होता. "सॉरी, हबीबी," तो म्हणाला. मी पुढे पळत राहिलो, कारण नवीन मुलं बघत होती. सगळे बाजूला होत गेले. मी शेवटच्या रेषेपलीकडे गेलो आणि चेंडू खाली ठेवला.

कडेला बाकावर बसलेले बाबा उठून उभे राहिले होते. टाळ्या वाजवत होते. एकटेच.

गाडीत बसल्यावर पट्टा लावता लावता ते म्हणाले, "तू इतका चांगला खेळतोस हे मला माहीतच नव्हतं रे." पट्टा खटकन बसला. "तो एवढा दांडगा मुलगा. तुझ्यापर्यंत पोचूच शकला नाही."

मी त्यांच्याकडे बघितलं. ते समोर काचेतून बघत होते, हसत होते.

"हो, बाबा," मी म्हणालो, आणि गाडी सुरू केली.